जुनी गिरणी, नवा वापर – पण कुणासाठी?

(गिरणगावातल्या स्त्रियांच्या एका मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मला इथं बोलायला बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. एक तर भाषणाची सवय नाही. दुसरं म्हणजे माझा व्यवसाय ऐकला की चळवळीतल्या बायका जरा हसतात. 'इंटीरिअर करते' म्हटलं की पडदे, सोफा, पैसेवाल्यांचे दिवाणखाने असं डोळ्यांसमोर येतं. त्यात खोटं काही नाही, पोटासाठी मीही दिवाणखाने केलेत. पण आज मी त्यांच्याबद्दल बोलणार नाही. २०१८ साली पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मी एक प्रकल्प केला. एका बंद गिरणीच्या इमारतीचं पुढे काय करता येईल, असा तो विषय होता. तो करताना मी जे शिकले ते वर्गात शिकवलेलं नव्हतं. ते तुम्हाला सांगावं असं वाटलं, म्हणून आले.

आधी विषय काय ते सांगते. बांधलेली इमारत पाडायची नाही. तिचा मूळ वापर संपला असेल तर तिचा सांगाडा, छप्पर, भिंती शक्य तितक्या राखून तिला नवं काम द्यायचं. इंग्रजीत याला 'अॅडॅप्टिव्ह रियूज' म्हणतात, आपण 'जुन्या वास्तूचा नवा वापर' म्हणू. बायकांना यात नवं काय आहे? जुन्या साडीची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. फरक एवढाच, की गोधडी कुणाच्या अंगावर जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. इमारतीच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मी लालबाग-परळ भागातली एक गिरणी निवडली. तिचं नाव सांगत नाही. माझी आजी तिथं कामाला होती, हे निवडीचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे इमारत सुंदर होती. दुमजली, जवळजवळ दोनशे फूट लांब आणि साठ फूट रुंद. आत ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर सागवानी तुळया. शेजारी एकमजली शेड, तिचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. गिरणगावात वाढलेल्यांनी ही छपरं पाहिलेली असतात, पण ती तशी का असतात ते बहुतेकांना माहीत नसतं. त्या दात्यांची उभी बाजू उत्तरेकडे असते आणि तिथं काच असते. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, सारखा, शांत उजेड येतो. तुटलेला धागा दिसावा म्हणून ही योजना. खिडक्या मात्र बंद ठेवायच्या, कारण हवा दमट नसली तर सूत तुटतं. त्या दमट, कोंदट हवेत कापसाचा तूस उडायचा आणि तो फुफ्फुसात जाऊन माणसं दम्यासारख्या आजारानं खंगायची. म्हणजे उजेडाची काळजी घेतली ती धाग्यासाठी, आणि हवा कोंडली तीही धाग्यासाठीच. माणूस या हिशोबात नव्हता.

चार महिने मी मोजमापं घेतली. मग पहिला आराखडा केला. तळमजल्यावर कॉफीचं हॉटेल, हातमागाच्या कपड्यांची चार दुकानं. वर गिरणगावाचं संग्रहालय, शेडमध्ये प्रदर्शनं आणि कार्यक्रम. खांब काळे रंगवलेले, विटा उघड्या ठेवलेल्या, मध्येच एक जुना साचा शोभेला मांडलेला. माझ्या शिक्षकांना तो आवडला. मलाही आवडला होता, उगाच खोटं कशाला बोलू?

तो मी आजीला दाखवायला घेऊन गेले. आजी तेव्हा ऐंशीची होती, पण डोकं लख्ख. नकाशा तिला वाचता येत नव्हता. तेव्हा आमच्या चाळीच्या गॅलरीत मी खडूनं फरशीवर इमारत काढली. हा दरवाजा, हा जिना, हे खातं. आजी कठड्याला धरून त्या खडूच्या रेघांमधून चालली. मग म्हणाली, "बायकांचा दरवाजा कुठाय?"

मी म्हटलं, "एकच दरवाजा आहे आजी, सगळ्यांसाठी."

"न्हाई. रिळखात्याच्या बायका मागल्या अंगानं जायच्या. आन् संडास?"

मी हॉटेलच्या मुदपाकखान्यामागे काढलेले चार चौकोन दाखवले. तिनं ते बघितले. मग विचारलं, "हितं चा केवढ्याला?"

मी खरा आकडा सांगितला नाही. निम्मा करून सांगितला. तरी ती म्हणाली, "मग म्या हितं कशाला यीन?"

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझा चार महिन्यांचा आराखडा मोडला. जिनं त्या इमारतीत पंधरा वर्षं काढली, तिला मी रेघ ओढून बाहेर काढलं होतं. आणि तेही तिच्याच गिरणीच्या आठवणी जपण्याच्या नावाखाली.

त्या दुपारी आजीनं खडू मागून घेतला आणि आपला नकाशा काढला. ती १९५८ साली रिळखात्यात लागली. रिळावर सूत गुंडाळून त्याच्या लडी करायच्या, नगावर मजुरी. जितक्या लडी तितके पैसे, त्यामुळे पाणी प्यायला उठलं तरी पैसे कापल्यासारखेच. तिनं नायकिणीची जागा दाखवली. संडास पलीकडच्या अंगणात होता, पावसाळ्यात भिजत जावं लागे. उशीर झाला की जॉबर येऊन सगळ्यांसमोर विचारायचा. म्हणून बायका पाणीच कमी प्यायच्या. एका खांबाशी तिनं गोल काढला. तिथं दुपारच्या सुट्टीत चार-पाच जणी पाठ टेकून बसायच्या. बसायला बाकडं नव्हतंच. दहा मिनिटं तो खांब त्यांचा.

तिच्या सासूच्या वेळी काय होतं तेही तिनं सांगितलं. तान्ही मुलं घरी शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे ठेवून बायका कामावर यायच्या, आणि मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायच्या. ही एकट्या माझ्या पणजीची गोष्ट नाही. १९२०च्या दशकात मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या पाहण्यांमध्ये ही गोष्ट नोंदलेली आहे. आईनं मुलाला अफू का दिली असेल, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधू नका. ते त्या इमारतीच्या नकाशात आहे. तिथं मुलासाठी जागाच नव्हती.

मग मी ग्रंथालयात जाऊन बसले, आणि बायकांचा मागोवा घेतला. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. १९२०-३०च्या काळात मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या फक्त काम करत नव्हत्या, लढतही होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांची नावं लढ्याच्या इतिहासात आहेत. १९८२चा संप येईपर्यंत मात्र गिरण्यांमध्ये बायका शेकडा दोन-चार उरल्या होत्या. मग बाकीच्या गेल्या कुठं?

त्यांना एका दिवसात कुणी हाकललं नाही. त्यांचं संरक्षण करणारे कायदे झाले, ते चांगलेच होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, तो देशातला पहिला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली होती. बायकांना रात्रपाळीला बंदी झाली. १९४८च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर ठेवण्याची सक्ती आली. मालकांनी हिशोब केला. बाईला रजा द्यायची, पाळणाघर द्यायचं, आणि तिसऱ्या पाळीला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा रिळखात्यात नवी यंत्रं आणू आणि बायका भरायच्या बंद करू. संघटनांमधल्या पुरुषांनीही फारसं अडवलं नाही. आधी पुरुषाची नोकरी वाचली पाहिजे, बाईची कमाई काय, जोड उत्पन्न, असा सगळ्यांचाच समज होता. कायद्यानं पाळणाघराची जागा दिली, आणि मालकांनी पाळणाघर टाळण्यासाठी आईलाच बाहेर काढलं.

माझ्या आजीला १९७३ साली कमी केलं. मग तिनं दहा बाय बाराच्या खोलीत आठ पुरुषांची खानावळ चालवली. गिरणगावातल्या हजारो बायकांनी हेच केलं. त्यांच्या कष्टांना संघटनेचं रूप १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून दिलं. गिरणीतला पुरुष दोन वेळा जेवून पाळीला उभा राहायचा, तो या बायकांच्या जोरावर. पण त्यांना गिरणी कामगार म्हणून कुणी मोजलं नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. खानावळीचे गडी गावाला गेले आणि आजीचा रोजगार दुसऱ्यांदा बुडाला. तिच्या या संपाची नोंद कुठल्या मस्टरवर असणार?

आता पुढचं ऐका. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ नंबरचा नियम असा होता, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, जिच्यावर बांधकाम उभं आहे ती धरायची नाही, असं ठरलं. गिरणीत तर बहुतेक जमिनीवर बांधकामच असतं. त्यामुळे शहराच्या वाट्याला तुकडे आले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला होता, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला.

कामगारांच्या घरांसाठी लढा झाला, २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. त्या लढ्याला माझा सलाम आहे. पण पात्रतेची अट बघा. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो कामावर होता तो कामगार. अट कुणी बायकांविरुद्ध मुद्दाम घातली असं मी म्हणत नाही. पण बायकांना त्याआधीच काढून टाकलेलं होतं. म्हणजे एकदा मस्टरवरून नाव गेलं, आणि त्या जुन्या मस्टरमुळे दुसऱ्यांदा घराच्या यादीतून गेलं. आमच्या घरी अर्ज आजोबांच्या नावानं भरला गेला. ते साचेखात्यात होते, संपात होते. अर्जावर आजीची सही आहे, पण कुठल्या नात्यानं? वारस म्हणून. पंधरा वर्षं लडी केल्या ती बाई सरकारी कागदावर कामगार नाही, कामगाराची विधवा आहे.

हे समजल्यावर माझ्या प्रकल्पाचा प्रश्नच बदलला. इमारतीची आठवण कशी जपायची, हा प्रश्न मागे पडला. ज्यांना या इमारतीनं बाहेर काढलं त्यांना आत कसं आणायचं, हा प्रश्न समोर आला.

माझ्या शिक्षिकेनं तेव्हा मला ब्राझीलमधल्या एका इमारतीची माहिती वाचायला दिली. साओ पावलो शहरात लोखंडी पिंपं बनवणारा जुना कारखाना होता. लीना बो बार्दी नावाच्या स्त्री-वास्तुकारानं १९७७पासून त्यावर काम केलं. पहिल्यांदा ती तो बघायला गेली तेव्हा इमारतीचं कौतुक करून परतली. पुन्हा एका सुट्टीच्या दिवशी गेली तर बंद कारखान्यात आसपासची कुटुंबं जमलेली, पोरं खेळतायत, आया गप्पा मारतायत. तिनं ठरवलं, की हे जे चाललंय तेच टिकवायचं. कारखान्याच्या भिंती ठेवून आत वाचनालय, कारागिरीच्या कार्यशाळा, नाटकाची जागा, स्वस्त खाणावळ, नुसतं बसायला मोठं दालन केलं. पुढे खेळांचे आणि पोहण्याचे मजले बांधले. आत जायला तिकीट नाही. तिथल्या व्यापारी मालकांकडून कायद्यानं वर्गणी घेतली जाते, तीवर चालणाऱ्या संस्थेनं हे उभं केलं. त्याचा पहिला भाग खुला झाला १९८२ साली. आमच्याकडे गिरण्यांचे भोंगे बंद पडले त्याच वर्षी.

मी पुन्हा कामाला लागले. या वेळी मोजपट्टीऐवजी वही घेतली आणि आसपासच्या बायकांना विचारत फिरले. आता या भागात काम करणाऱ्या बायका कोण आहेत? टॉवरमधल्या घरकामाच्या बाया, मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुली, कार्यालयं झाडणाऱ्या, पोळीभाजी केंद्रवाल्या, चाळीत बसून मणी ओवणाऱ्या आणि इमिटेशन दागिने जोडणाऱ्या. प्रत्येकीला मी एकच विचारलं, तुम्हाला या भागात कशासाठी जागा नाही? कुणीही संग्रहालय म्हटलं नाही. संडास, मूल ठेवायला जागा, आणि दोन कामांच्या मधला एक तास पाय पसरून बसायला जागा. याच क्रमानं.

दुसरा आराखडा या तीन गोष्टींपासून सुरू झाला. संडास मी मागून उचलून पुढे, रस्त्याच्या बाजूला आणले. आत न येताही वापरता यावेत, बाहेर दिवा असावा, दाराशी दिवसरात्र माणसांची वर्दळ असावी, म्हणजे कुणी दबा धरून बसणार नाही. आपल्याकडे नकाशात पुरुषांना आणि बायकांना सारखे चौरस फूट दिले की समानता झाली असं समजतात. पण तेवढ्याच जागेत पुरुषांच्या मुताऱ्या जास्त बसतात, आणि बाईला कपडे, पाळी, कडेवरचं मूल यामुळे वेळ जास्त लागतो. सारखी जागा म्हणजे बायकांची रांग. म्हणून मी बायकांना जवळजवळ दुप्पट जागा दिली. सफाई करणाऱ्या बाईला कपडे बदलायला आणि डबा खायला एक खिडकीवाली खोली दिली. कुठल्याही मोठ्या इमारतीत जाल तेव्हा बघा, सफाई करणारी बाई जेवते कुठं. बहुतेक वेळा जिन्याखाली.

पाळणाघर मी आधी वरच्या मजल्यावर काढलं होतं, वारा आणि उजेड चांगला म्हणून. एका घरकामवालीनं विचारलं, "ताई, मला पंधरा मिनिटं असतात. त्यात जिना चढू की पोराला पाजू?" तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि आगीच्या दृष्टीनंही मुलं वर ठेवणं चूक होतं. म्हणून पाळणाघर शेडमध्ये, जमिनीलगत आणलं. धाग्यासाठी केलेला तो उत्तरेचा शांत उजेड मुलांना मिळाला. छपराखालची बंद तावदानं मी उघडणारी केली. त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला मणी ओवणाऱ्यांना बसायला जागा, कारण त्यांचे डोळे खोलीच्या चाळीस वॉटच्या दिव्याखाली जातात.

दुमजली इमारतीत खाली सामाईक स्वयंपाकघर. तिथं पोळीभाजीवाल्या भाड्यानं ओटा घेऊन काम करतील. पोळ्या लाटायचा ओटा भाजीच्या ओट्यापेक्षा दोन-तीन इंच खाली घेतला. लाटताना वरून जोर द्यावा लागतो, ओटा उंच असला की खांदे भरून येतात. हे मला एका बाईनं स्वतःचा खांदा दाखवून शिकवलं. वर रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलींसाठी निवास, आणि अर्धा मजला कार्यालयांना भाड्यानं, म्हणजे खालचा खर्च थोडा निघेल.

आगीचं मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. २०१७च्या डिसेंबरअखेर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. बरेच जण आसऱ्याला स्वच्छतागृहात शिरले आणि धुरानं गुदमरले. जुन्या जागेला नवा वापर देताना नुसती सजावट बदलली आणि बाहेर पडायच्या वाटा नीट ठेवल्या नाहीत तर काय होतं, ते आपण पाहिलं. सागवानी जाड तुळई वरून कोळसा होत सावकाश जळते. ओतीव लोखंडाचा खांब मात्र तापल्यावर पाण्याचा फवारा बसला की तडकू शकतो. म्हणून खांबांना आगीत फुगून कवच धरणारा रंग सुचवला, आणि दोन्ही टोकांना दोन जिने काढले. एक जिना बरोबर तिथं आला जिथं आजीच्या खडूनं बायकांचा मागला दरवाजा काढला होता.

संग्रहालय मी काढून टाकलं नाही. पण कपाटं ठेवली नाहीत. जमिनीवर रिळाच्या यंत्रांच्या पायांचे खड्डे होते, ते बुजवले नाहीत. प्रत्येकाशेजारी तिथं कोणतं काम चालायचं आणि कोण करायचं हे लिहिलं. आजीला म्हटलं, "तुझा मोठा फोटो लावते त्या खांबावर." ती म्हणाली, "फोटू नको. बाकडं ठेव." ते बाकडं आराखड्यात आहे. चार-पाच जणींना पाठ टेकता येईल एवढं.

परीक्षेला बाहेरून दोन परीक्षक आले होते. एकांनी विचारलं, "हे डिझाइन आहे की समाजकार्य?" दुसरे म्हणाले, "इतके संडास? इमारतीचं सौंदर्य कुठं दिसणार?" मी गडबडले. जे बोलायला हवं होतं ते रात्री घरी सुचलं. हॉटेल काढलं तर ते डिझाइन आणि पाळणाघर काढलं तर ते समाजकार्य, हे कुणी ठरवलं? तुळई दोन्हीकडे तीच, उजेडाचं गणित तेच. फरक फक्त आत येणाऱ्याच्या खिशाचा. पण त्यांचा एक प्रश्न खरा होता, आणि तो मी इथं झाकणार नाही. "चालवणार कोण, पैसे कुठून येणार?" माझ्याकडे अर्धंमुर्धं उत्तर होतं. अर्ध्या मजल्याच्या भाड्यात पाळणाघर चालत नाही. साओ पावलोमध्ये मागे कायदा उभा आहे. आपल्याकडे तो उभा करायला एकटी विद्यार्थिनी पुरत नाही. त्यासाठी तुमच्यासारख्या संघटना लागतात.

मी पास झाले. मार्क बेताचे. वर्षभरात ती इमारत पाडली. कळल्यावर गेले तेव्हा पत्र्याचं कुंपण होतं आणि आत लोखंडी खांब भंगाराच्या ढिगात आडवे पडले होते. आजी २०२० साली गेली. घराचा अर्ज अजून आहे.

मग हे सगळं आज का सांगितलं? कारण गिरण्या गेल्या तरी जुन्या इमारती संपलेल्या नाहीत. तुमच्यापैकी कित्येक जणी बाहेरगावाहून आल्या आहात. तुमच्या गावात बंद पडलेला जिनिंगचा कारखाना असेल, विडीचा कारखाना, जुनी धर्मशाळा, ओस पडलेली शाळा, बाजार समितीचं गोदाम असेल. आज ना उद्या तिथं काहीतरी होणार आहे. तेव्हा नकाशा बघायला मागा. नकाशा वाचता येत नाही म्हणून मागे राहू नका. माझ्या आजीलाही येत नव्हता, तरी तिनं चूक दोन मिनिटांत काढली. खडूनं जमिनीवर काढायला लावा आणि त्यातून चाला. चालताना चार गोष्टी विचारा. इथं आधी कोणत्या बायका काम करत होत्या? पैसे न देता आत कोण येऊ शकेल? मूल घेऊन आलेली बाई कुठं बसेल? आणि झाडणारी बाई कुठं बसेल?

शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा कायद्यानं हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि निघून जाते. मुंबईच्या २०१८ साली मंजूर झालेल्या आराखड्यासाठी स्त्री-संघटनांनी पाठपुरावा केला. तेव्हा कुठे नोकरदार स्त्रियांच्या निवासासाठी आणि पाळणाघरांसाठी आरक्षणं त्यात आली. कागदावरचं आरक्षण म्हणजे बांधलेली जागा नव्हे, हे खरं. पण कागदावर नसलेली जागा तर कधीच बांधली जात नाही.

माझ्याकडे त्या गिरणीची मोजमापं आहेत, दोन्ही आराखडे आहेत. बरोबर आणलेत. सभा संपली की मागच्या टेबलावर पसरून ठेवते. ज्या मावश्या गिरणीत होत्या त्यांनी जरूर या आणि माझं कुठं चुकलंय ते सांगा. खडूही आणलाय.